नातें आणि निष्ठा

गेल्या वर्षींची आखाजी दोन दिवसांवर आली होती. संध्याकाळीं मी ओट्यावर वाचीत बसलों असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आले. कापसाची शेती करणारे, मितभाषी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. वर या म्हटलें तरी ते पायरीवरच टेकले. थोड्या वेळानें म्हणाले, “गुरुजी, आमच्यामुळं पोराचं काम अडलंय म्हणतात. आमचा असा काय गुन्हा झाला?”

मीं खोदून विचारलें तेव्हां हकीकत कळली. त्यांचा धाकटा मुलगा अठरा वर्षांपूर्वीं अमेरिकेंत गेला. यंत्रविद्येंत तो तेथें नांवारूपास आला, तेथेंच त्याचा संसार झाला, आणि सहा वर्षांपूर्वीं रीतसर शपथ घेऊन तो त्या देशाचा नागरिक झाला. आतां त्याच्या कारखान्यास तेथील संरक्षणखात्याचें कांहीं काम मिळालें आहे. त्या कामावर बसावयाचें तर सरकारची एक परवानगी लागते. आणि ती देण्यापूर्वीं सरकारनें त्यास विचारलें आहे कीं, तुझे आईबाप कोठें राहतात, भाऊ काय करतो, त्यांच्याशीं तूं किती वेळां बोलतोस, आणि परदेशांत तुझ्या नांवावर कांहीं जमीनजुमला आहे काय? परदेश म्हणजे, श्रोतेहो, आमचें धरणगांव!

परदेशांतील नातेवाईक म्हणजे दूर कोठें तरी राहणारे दुसरे कोणी, अशी आजवर आमची समजूत होती. त्या संध्याकाळीं आम्हां दोघांस प्रथमच उमगलें कीं, ते नातेवाईक आपणच आहों.

थोरला मुलगा पोलिसांत हवालदार आहे. आजोबांच्या पश्चात् सातबाऱ्यावर वारस म्हणून धाकट्याचेंही नांव लागलेलें आहे. म्हाताऱ्यानें मनाशीं बेत केला होता कीं, हक्कसोडपत्र करून धाकट्याचें नांव कमी करावें, थोरल्याच्या नोकरीचा उल्लेख मुलानें अर्जांत गाळावा, आणि एकमेकांशीं बोलणें थांबवावें. शेवटचा बेत तर त्यांनीं अमलांतही आणला होता. महिनाभर ते मुलाचा फोन घेत नव्हते. “बोललेलं मोजत असतील,” असें म्हणून ते मान खालीं घालून बसले. त्या रात्रीं मीं त्यांना जें थोडक्यांत सांगितलें, तेंच आज आपणांपुढें जरा विस्तारानें ठेवणार आहें. कारण परदेशीं स्थायिक झालेलीं मुलें आतां केवळ मुंबई-पुण्याच्याच घरांतून नाहींत. आमच्या खानदेशच्या काळ्या मातींतूनही तीं गेलीं आहेत, आणि आज ना उद्यां हा प्रश्न आपल्यापैकीं अनेकांच्या दारीं येणार आहे.

प्रथम ही परवानगी म्हणजे काय तें पाहूं. तिकडे तिला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात; आपण तिला विश्वासाचा दाखला म्हणूं. प्रत्येक राज्याजवळ कांहीं गुपितें असतात. अमेरिकेंत त्यांच्या गोपनीय, गुप्त व परमगुप्त अशा तीन पायऱ्या केलेल्या आहेत, आणि ज्या पायरीचें काम त्या पायरीचा दाखला घ्यावा लागतो. १९९५ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं काढलेल्या आज्ञेप्रमाणें हा दाखला सामान्यतः त्या देशाच्या नागरिकासच मिळतो. नागरिकत्व जन्मानें आलें कीं शपथेनें, यावरून त्या आज्ञेनें कोणास वगळलेलें नाहीं. वंश किंवा मूळ देश यांवरून भेद केला जाणार नाहीं, असेंही तींत स्पष्ट लिहिलेलें आहे. मग आईबापांची चौकशी कशासाठीं? तर दाखला मागणारास जो अर्ज भरावा लागतो तो शंभरावर पानांचा असतो, आणि तो तेरा कसोट्यांवर घासून पाहतात. या कसोट्या सध्यांच्या स्वरूपांत जून २०१७ पासून लागू झाल्या. कर्ज, व्यसन, गुन्हे यांच्या कसोट्या तींत आहेतच. पण निष्ठेच्या कसोटीच्या खालोखाल, दुसऱ्याच क्रमांकावर जी आहे ती परकीय प्रभावाची. शपथेनें नागरिक झालेल्या माणसाचे आईबाप, भावंडें, सासरचीं माणसें हीं बहुधा मूळ देशांतच राहिलेलीं असतात. म्हणून कायदा सर्वांस सारखा असला तरी या कसोटीचें ओझें त्याच्याच पाठीवर अधिक पडतें.

ही कसोटी मुळांत कां निर्माण व्हावी, हें समजण्यास आपला इतिहास पुरेसा आहे. १६४८ सालीं जिंजीच्या वेढ्याच्या वेळीं आदिलशाही सेनापतीनें शहाजीराजांस कैद केलें. राजे अडकले कर्नाटकांत, पण फांस आवळला गेला पुणें प्रांतांत. दुसऱ्या वर्षीं त्यांची सुटका झाली, आणि तिच्यासाठीं शिवरायांना कोंढाण्यासारखा किल्ला सोडावा लागला. स्वराज्यावरील त्यांच्या निष्ठेविषयीं कोणी शंका घेईल काय? तरीही किल्ला द्यावा लागला, कारण वडील शत्रूच्या हातीं होते.

परंतु पुढें चाळीस वर्षांनीं दुसरा प्रसंग आला. १६८९ सालीं रायगड पडला, आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हातीं लागले. शाहू १७०७ पर्यंत आणि येसूबाई १७१९ पर्यंत अडकून पडल्या होत्या. गादीचा वारसच छावणींत ओलीस ठेवलेला असतां राजाराममहाराजांनीं व त्यांच्या मागें ताराबाईंनीं लढा सोडला नाहीं.

पहिला प्रसंग असें शिकवितो कीं नात्याचा फांस करतां येतो. दुसरा असें शिकवितो कीं फांस पडला म्हणजे मनुष्य वांकतोच, असें नाहीं. विश्वासाचा दाखला देणारानें हे दोन्ही धडे एकाच वेळीं ध्यानांत ठेवावयाचे असतात. पैकीं पहिलाच तेवढा ध्यानांत ठेवला म्हणजे राज्यकर्त्यांच्या हातून काय घडतें, याचे दाखले अलीकडच्या काळांत हवे तितके सांपडतात.

आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन आपणांस ठाऊक आहेत. त्यांचे वडील प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग हे जर्मन राजकुळांतले. १८६८ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्यांनीं ब्रिटिश नागरिकत्व घेतलें व ते आरमारांत शिरले. पायरी पायरी चढत १९१२ सालीं ते आरमाराचे सर्वोच्च अधिकारी, म्हणजे फर्स्ट सी लॉर्ड झाले. १९१४ सालीं जर्मनीशीं युद्ध पेटलें आणि सेहेचाळीस वर्षांची चाकरी एका क्षणांत विसरली गेली. वृत्तपत्रांनीं व लोकांनीं त्यांच्या रक्ताकडे बोट दाखविलें, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांना पद सोडावें लागलें. १९१७ सालीं त्या घराण्यानें आडनांवही बदलून माउंटबॅटन असें करून घेतलें. वडिलांना ज्या आसनावरून उतरावें लागलें, त्याच आसनावर १९५५ सालीं मुलगा बसला. रक्त तेंच होतें; बदलली होती ती लोकांची नजर.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें याहून मोठी चूक केली. १९४२ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस घरांतून उठवून तारेच्या कुंपणांत नेऊन ठेवलें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश लोक जन्मानें अमेरिकन नागरिक होते. एकेका माणसाची चौकशी करण्याचे श्रम सरकारनें घेतले नाहींत. चेहरा पाहून निकाल दिला. आणि गंमत पाहा, त्याच जपानी कुळांतील तरुणांची एक पलटण युरोपांत अमेरिकेसाठीं शौर्यानें लढली, आणि त्यांच्याच हजारों भाषाज्ञांनीं जपान्यांचीं कागदपत्रें वाचून अमेरिकेच्या सेनेस वाट दाखविली. १९८८ सालीं अमेरिकेनें कायदा करून क्षमा मागितली, व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर देण्याचें ठरविलें.

ही परक्यांचीच चूक, असें म्हणून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां आपणही चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार माणसांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत नेऊन ठेवलें. त्यांत याच भूमींत जन्मलेलीं मुलें होतीं आणि आपल्याच देशाचे नागरिकही होते. कित्येकांना वर्षानुवर्षें तेथें राहावें लागलें.

आतां आमच्या गांवची एक जुनी गोष्ट सांगतों, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू तींत दिसते. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला, पण सातपुड्यांतील व सातमाळ्यांतील भिल्लांनीं तें राज्य मानलें नाहीं. कित्येक वर्षें फौजा पाठवूनही डोंगर शांत झाला नाहीं. तेव्हां १८२५ सालीं जेम्स आउट्रम नांवाच्या, अवघ्या बाविशींतल्या अधिकाऱ्यास भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम सांगण्यांत आलें, आणि त्या पलटणीचें ठाणें धरणगांवीं पडलें. ज्यांचे भाऊ, मेहुणे, काके डोंगरांत हत्यार घेऊन उभे आहेत, त्यांच्याच हातीं सरकारी बंदूक द्यावयाची, हें पुष्कळांस वेडेपणाचें वाटलें. आउट्रम नायकांबरोबर रानांत गेला व पहाऱ्यावांचून त्यांच्यांत राहिला. तेव्हां कोठें पहिले मोजके लोक त्याच्याकडे आले. पुढें ती पलटण विश्वासास उतरली.

परक्या सत्तेसाठीं आपल्याच जातभाईंवर चालून जावें लागणें, यांतील शल्य मी विसरत नाहीं. त्या राज्याचा गौरवही मला करावयाचा नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नातें ही दुधारी वस्तु आहे. त्याच नात्यामुळें शिपाई फितूर होईल अशी भीति होती, आणि त्याच नात्यामुळें त्याला डोंगराच्या वाटा, भाषा आणि माणसांचें मन ठाऊक होतें. हातांत वस्तु कोणती आहे यापेक्षां हात कोणाचा आहे, हें पाहावें लागतें.

झालेल्या चुकांपासून अमेरिकेचे आजचे नियम कांहीं शिकलेले दिसतात. परदेशीं नातेवाईक आहेत एवढ्यावरून कोणाचा दाखला आपोआप नाकारला जात नाहीं. प्रश्न वेगळे विचारतात. नातें किती जवळचें आहे? नातेवाईक कोणत्या देशांत राहतो? तो त्या देशाच्या सरकारांत, सैन्यांत किंवा गुप्तवार्ता खात्यांत आहे काय? त्याच्यामार्फत या माणसावर दडपण आणतां येईल काय? आणि दुसऱ्या पारड्यांत, या माणसाचीं मुळें नव्या देशांत किती खोल गेलीं आहेत? त्याची बायकामुलें, घरदार, मित्र, उपजीविका कोठें आहे? अखेरीस माणूस समग्र पाहावा, त्याचा एकच तुकडा पाहूं नये, असा तेथें दंडक आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या गोष्टीस हें लावून पाहूं. आईबाप शेतकरी आहेत. त्यांचा कोणत्याही गुप्त खात्याशीं संबंध नाहीं. भाऊ सरकारी नोकर आहे, हें लिहावेंच लागेल. पण तालुक्याच्या ठाण्यांतील हवालदार आणि परराज्यांचीं गुपितें गोळा करणारा अधिकारी यांत अंतर आहे, हें वाचणारास कळतें. सातबाऱ्यावरील वांटा म्हणजे परदेशांतील मालमत्ता खरीच. परंतु तिचें मोल त्याच्या तेथील एकंदर मिळकतीच्या मानानें किती, हें पाहतात. मोठ्या मालमत्तेचा मोह किंवा धाक दाखवितां येतो. दोन एकर कोरडवाहूच्या वांट्यासाठीं कोणी देश विकावयास निघेल, असें समजण्याचें कारण नाहीं.

नागरिकत्वाविषयींही घरोघर गैरसमज आहे. आपल्या कायद्यानें दुहेरी नागरिकत्व चालत नाहीं. दुसऱ्या देशाचें घेतलें कीं भारताचें संपतें. पुष्कळांजवळ जें ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ नांवाचें कार्ड असतें, तें नांवानें नागरिकाचें असलें तरी त्यानें मतदानाचा हक्क मिळत नाहीं, आणि शेतजमीनही विकत घेतां येत नाहीं. तें कार्ड बाळगणें हा अपराध नव्हे, पण विचारलें असतां तें सांगितलें पाहिजे.

“पण गुरुजी, आपला देश त्यांचा शत्रु तर नाहीं ना?” असें मला त्या गृहस्थांनीं विचारलें. शत्रु नाहीं हें खरें, आणि स्नेहाचें राज्य असणें हें अर्जदाराच्या बाजूनें धरलेंही जातें. पण मित्रही मित्राचीं गुपितें चोरतात. १९८५ सालीं अमेरिकेच्या आरमारी खात्यांतील जोनाथन पोलार्ड नांवाचा नोकर इस्राएल या मित्रराष्ट्रासाठीं हेरगिरी करतांना पकडला गेला. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तो अमेरिकेंतच जन्मलेला होता. पुढें २००१ सालीं पकडलेला रॉबर्ट हॅन्सन तर हेर पकडण्याच्याच खात्यांतला. तोही शिकागोंत जन्मलेला, आणि त्यानें मॉस्कोस गुपितें विकलीं तीं मुख्यतः पैशासाठीं. फितुरी जन्मगांव पाहून येत नाहीं.

तरीही एक कटु सत्य सांगितलें पाहिजे. हा दाखला म्हणजे हक्क नव्हे. असा कोणाचाही हक्क नाहीं, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं म्हटलें आहे. फौजदारी न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. येथें तो राज्यास मिळतो. म्हणून निर्दोष माणसासही नकार मिळूं शकतो, आणि त्यानें मन कष्टी होतें. अशा वेळीं दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. कारखानदारीच्या अशा कामांत नकाराचीं कारणें लेखी द्यावीं लागतात. त्यांस उत्तर देतां येतें, न्यायाधिकाऱ्यापुढें उभें राहून सुनावणी मागतां येते, व पुढें अपीलही करतां येतें. दुसरी गोष्ट, १९६० सालच्या राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेंतच लिहिलेलें आहे कीं, असा नकार म्हणजे त्या माणसाच्या निष्ठेविषयींचा निकाल नव्हे. कागदावरचें हें वाक्य माणसाच्या मनावर कितपत फुंकर घालतें, हा वेगळा प्रश्न. पण तें वाक्य आहे, आणि तें बापालाही ठाऊक असावें.

आपल्याकडेही सरकारी नोकरीचे नियम कांहीं वेगळे नाहींत. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणें नोकरानें परदेशीय व्यक्तीशीं विवाह केल्यास तें तत्काळ सरकारास कळवावें लागतें. परराष्ट्रसेवेंत तर अशा विवाहास आधीं परवानगी लागते. या सेवेंतील एका तरुण अधिकाऱ्याचें ब्रह्मदेशांतील एका तरुणीशीं लग्न ठरलें. त्यानें तें लपविलें नाहीं. पंतप्रधान नेहरूंकडून खास परवानगी मिळाली आणि १९५१ सालीं दिल्लींत विवाह झाला. वधूनें पुढें भारताचें नागरिकत्व घेतलें. तो अधिकारी चीनमध्यें व अमेरिकेंत आपला राजदूत झाला, आणि १९९७ सालीं राष्ट्रपति. त्यांचें नांव के. आर. नारायणन्. परदेशीं सासर असलेल्या माणसावर देशानें विश्वास टाकला, आणि तो वायां गेला नाहीं. पण आधीं त्या माणसानें सर्व कांहीं उघड्यावर मांडलें होतें, हें विसरूं नये.

येथेंच माझ्या सांगण्याचें सार आहे. नातें असणें हा दोष नाहीं. नातें लपविणें हा दोष आहे. तेरा कसोट्यांत एक कसोटी वर्तनाची आहे, आणि तेथें खोटें लिहिणारा किंवा मुद्दाम गाळणारा सांपडला म्हणजे त्याची सुटका कठीण. भाऊ हवालदार असल्यानें जें बिघडलें नसतें, तें भाऊ लपविल्यानें खात्रीनें बिघडलें असतें. शिवाय, ज्याचें गुपित दुसऱ्याच्या हातीं आहे त्यालाच धाक घालतां येतो. ज्यानें आपलें सर्व आधींच सांगून टाकलें, त्याला धाक तरी कशाचा घालणार?

त्या रात्रीं मीं मुलाच्या वडिलांस हेंच सांगितलें. हक्कसोडपत्र करावयाचें असेल तर घरच्या सोईनें करा. भयानें करूं नका, आणि केलें तरी लपवूं नका. थोरल्याची नोकरी, हुद्दा, ठाणें, सगळें त्याला नीट लिहून कळवा. नांवें व जन्मतारखा शाळेच्या दाखल्याशीं जुळवून पाहा, कारण आपल्याकडे एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन तारखा असतात, आणि त्यानें नाहक संशय येतो. आणि सर्वांत आधीं, मुलाचा फोन घ्या. महिन्यांतून चार वेळां बोलत असाल तर त्यानें चार वेळां असें लिहावें. बापाशीं बोलणें तोडून जो देश मिळवावा लागतो तो देश माणसाला विश्वास शिकवीत नाहीं, आणि त्या देशाचे नियमही तसें मागत नाहींत.

एवढें ऐकल्यावर ते उठले. आखाजीच्या दिवशीं दुपारीं मुलाचा फोन आला तेव्हां मी त्यांच्याच घरीं पुरणपोळी-सांजोरीच्या ताटावर होतों. त्यांनीं फोन उचलला आणि पहिलेंच वाक्य बोलले, “आमचं समद्यांचं नांव लीव बरं का. कायबी गाळू नको.” पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं येईना. मग दोघेही पाऊसपाण्याचें बोलूं लागले.

मुलानें अर्ज तसाच, कांहीं न गाळतां पाठविला. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. तो कसा लागेल हें मी सांगूं शकत नाहीं, आणि तो विरुद्ध लागला तर त्या घराला दुःख होईल हेंही मी जाणतों. पण शाळेंत त्या मुलाला मीं एक गोष्ट शिकविली होती, कीं उत्तर चुकलें तरी चालेल, पाटी पुसून दाखवूं नये. एवढ्या दूर जाऊनही ती त्याच्या ध्यानांत राहिली, यांत मला समाधान आहे.